दोन सब भाड्याने आणलेत, म्हणून दोन बाजूंना ठेवू नका

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं हौशी मंडळ, जत्रेतला नाट्यप्रयोग. हॉल ११ मीटर रुंद, रंगमंचाच्या कडेपासून मागच्या भिंतीपर्यंत १८ मीटर, २५० खुर्च्या आणि मधून एक वाट. हॉलचे स्वतःचे १२ इंची दोन टॉप (संवाद आणि वरचा आवाज वाजवणारे मुख्य स्पीकर) स्टँडवर, रंगमंचाच्या दोन अंगांना. नांदीला आणि दोन पदांना ऑर्गन-तबला, तो रंगमंचासमोर डावीकडे बसणार. नाटकात वादळ आहे, खाणीतला सुरुंग आहे, म्हणून १८ इंची दोन ॲक्टिव्ह सब, म्हणजे आतच ॲम्प्लिफायर असलेले, फक्त खालचे सूर वाजवणारे सबवूफर, भाड्याने आणताय. गेल्या वर्षी ते एकेक करून दोन्ही टॉपखाली ठेवले, तर मधल्यांच्या छातीत धडधडलं, बाजूच्यांना काहीच नाही आणि संवाद गढूळ झाले. यंदा तिसरा सब घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

तिसरा घेऊ नका. आहेत ते दोन एकमेकांना चिकटवून एकाच जागी ठेवा.

गेल्या वर्षी काय झालं ते आकड्यांत बघू. आपल्याकडच्या हवेत, ३० अंशांच्या आसपास, आवाज सेकंदाला साधारण ३४९ मीटर जातो. म्हणजे ४० हर्ट्झची लाट पावणेनऊ मीटर लांब, ६० ची पावणेसहा, ८० ची सव्वाचारच्या थोडी वर. तुमचे सब ८ मीटर अंतरावर होते असं धरतो. रंगमंचापासून ८ मीटरवरच्या रांगेत, मधल्या वाटेपासून ३ मीटर बाजूला जो माणूस बसला त्याला जवळचा सब ८ मीटरवर आणि लांबचा साडेदहा मीटरच्या थोडा पुढे. फरक अडीच मीटरचा. ६८ हर्ट्झच्या आसपास हा फरक बरोबर अर्धी लाट होतो. एक सब हवा ढकलतोय, त्याच क्षणी दुसरा ओढतोय. दोन्ही जोरात वाजतायत आणि त्या खुर्चीवर दोघांची वजाबाकी होतेय. सुरुंगाचा दणका नेमका याच पट्ट्यात असतो. दोन खुर्च्या अलीकडे सरकलात, म्हणजे वाटेपासून २ मीटरवर, तर खड्डा १०० हर्ट्झपाशी जातो. प्रत्येक खुर्चीचा खड्डा वेगळा, त्यामुळे इक्वलायझर कितीही फिरवला तरी तो बुजत नाही. एका खुर्चीचा बुजवलात की दुसऱ्या खुर्चीवर डोंगर उभा राहतो.

मधोमध मात्र दोन्ही अंतरं सारखी, म्हणून तिथे पूर्ण बेरीज. आणि आपल्या बहुतेक हॉलांत मधोमध काय असतं? वाट! भाडं मोजून आणलेला सगळ्यात चांगला बेस रिकाम्या वाटेवरून सरळ मागच्या दाराबाहेर, चहाच्या टेबलाकडे. साउंडवालाही बहुधा त्याच वाटेच्या टोकाला मिक्सर मांडून बसलेला, त्यामुळे त्याला तक्रार कळतच नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं असंच ठेवत आलो. टॉप दोन, म्हणून सब दोन, दोन्हीकडे एकेक, दिसायलाही बरं. दिसणं सोडलं तर त्याला दुसरं कारण नव्हतं.

चिकटवून ठेवलेले दोन सब ८०–१०० हर्ट्झपर्यंत एकच मोठा सब असल्यासारखे वागतात. एकट्यापेक्षा ६ डेसिबल जास्त, आणि ते सगळ्या खुर्च्यांना.

आता जागा. पहिली पसंती रंगमंचासमोर, खाली जमिनीवर, मधोमध, पाठ रंगमंचाच्या दर्शनी भिंतीला टेकवून. तुमचा रंगमंच मीटरभर उंच असेल तर आडवे ठेवलेले सब कडेच्या खाली राहतात, पहिल्या रांगेला रंगमंच बघताना आड येत नाहीत. काळ्या कापडाने झाकलेत तरी चालेल, फक्त जाळीवर जाड सतरंजी टाकू नका आणि मागचे हीटसिंक (गरम होणाऱ्या धातूच्या पट्ट्या) उघडे राहू द्या. पहिली रांग निदान दोन मीटर मागे सरकवा. मुलं सबवर चढून बसणारच, त्याची सोय आधी करा.

मध्ये तबलजी आड येत असेल तर सब मधोमधच हवेत असा हट्ट नको. दोन्ही उचलून उजव्या कोपऱ्यात, रंगमंचाची भिंत आणि बाजूची भिंत जिथे मिळते तिथे, जमिनीवर ठेवा. कोपऱ्यात जोर फुकट वाढतो. कागदावर प्रत्येक भिंतीमागे ६ डेसिबलपर्यंत. प्रत्यक्षात जाड चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या भिंतीला त्याच्या जवळपास जाता येतं, प्लायच्या पार्टिशनला फारसं काही मिळत नाही. किंमत अशी की कोपऱ्यातला सब खोलीचे सगळे घुमे, म्हणजे भिंतींमध्ये अडकून घुमणारे सूर, जागे करतो. मधोमध ठेवला की रुंदीतले निम्मे झोपून राहतात. ११ मीटर रुंदीच्या हॉलात ४७–४८ हर्ट्झला असा एक घुमा आहे. तो कोपऱ्यातून उठेल, मधून नाही. उठला तर सबच्या चॅनलवर तेवढ्याच पट्ट्यात ४–५ डेसिबल कमी करा. हा वेगळा मामला आहे: घुम्याची शेपटी इक्वलायझरने आखडते, वजाबाकीचा खड्डा भरत नाही.

‘एकाच बाजूने गडगडाट येतोय असं वाटेल’ ही शंका सगळेच काढतात. ८० हर्ट्झखाली बंद खोलीत कानाला दिशा जवळजवळ कळत नाही. दिशा सांगतात त्या वरच्या पट्ट्या, आणि त्या टॉपमधून येतात. अट एकच, क्रॉसओव्हर, म्हणजे सब संपून टॉप सुरू होतात ती सीमा, ८० ला हवा आणि उतार २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्हचा. सबच्या पाठीवरचं बटण १२० किंवा १५० वर राहिलं तर कोपरा लगेच ओळखू येतो. लग्नाच्या हॉलातून परत आलेल्या सबचं बटण १२० वरच असतं असं धरून चाला.

एक जागा टाळाच, ती म्हणजे भिंतीपासून मीटर-दीड मीटर अधांतरी. तिथून मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पुढे निघालेल्या लाटेला खाते. भिंतीपासून १.४ मीटरवर ठेवलात तर ६२ हर्ट्झला भोक पडतं, १ मीटरवर ८७ ला. म्हणून भिंतीला टेकवा. ‘थोडी मोकळी हवा खेळू द्या’ हा सल्ला फ्रिजला ठीक आहे.

रंगमंचावर, आणि त्याहून वाईट म्हणजे रंगमंचाच्या पोटात, सब ठेवू नका. एका गावच्या हॉलात जागा वाचवायला मी फळ्यांच्या रंगमंचाखाली दोन सब ढकलले होते. तालमीत छान वाटलं. प्रयोगात वादळ सुरू झालं आणि टेबलावरचा पितळी तांब्या हळूहळू कडेकडे चालायला लागला. समोर नायिकेचं रडणं चाललंय आणि अख्खं प्रेक्षागृह तांब्याकडे बघतंय. पडला. माणसं हसली ती अंक संपेपर्यंत. फळ्यांचा रंगमंच म्हणजे मोठा डग्गाच. त्यावर फूट माइक (रंगमंचाच्या कडेला खाली ठेवायचे माइक) ठेवले असतील तर तोच दणका माइकमधून पुन्हा सबमध्ये जातो आणि ‘हूऽऽ’ असा खालचा फीडबॅक उठतो. शिट्टी लगेच कळते, हा फीडबॅक लवकर कळत नाही. सुरुवातीला वाटतं जनरेटरचा आवाज आहे.

यावरून तुमच्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो, गढूळ संवाद. हा जागेपेक्षा मिक्सरवरचा प्रश्न आहे. मुख्य आउटपुटमधून सब जोडला की मिक्सरवर जे जे आहे ते सगळं सबमध्ये जातं: फूट माइकवरची पावलं, वरून टांगलेल्या माइकवर पंख्याचा वारा, ऑर्गनच्या भात्याची धाप. संवादाला सबची गरज शून्य. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूरही बहुतेक वेळा ८० च्या वरच असतो. म्हणून सबला वेगळ्या ऑक्स सेंडवरून (मिक्सरमधून निवडक चॅनलच बाहेर नेणारी वेगळी वाट) आवाज द्या, फेडरनंतरच्या, म्हणजे चॅनलची पट्टी खाली केली की तिथेही कमी होईल. त्यात इफेक्टचा लॅपटॉप, आणि हवा असेल तर डग्ग्याचा माइक अगदी थोडा. बाकी कुणी नाही. जोडीला सगळ्या संवादाच्या माइकना लो-कट (खालचे सूर कापणारा फिल्टर) १२० हर्ट्झला, फूट माइकना १५० पर्यंत, आणि त्यांच्याखाली घडी केलेला टॉवेल. एवढं केलंत की गेल्या वर्षीचा अर्धा चिखल साफ.

आता ज्यात सगळे घाई करतात ते काम: टॉप आणि सब यांचा मेळ. ८० हर्ट्झच्या आसपास दोघेही वाजत असतात, आणि तिथे ते एकत्र पोचले नाहीत तर पुन्हा तीच वजाबाकी. अंतर मोजून डिले (मुद्दाम दिलेला उशीर) टाकणं पुरत नाही, कारण ॲक्टिव्ह सबच्या आतल्या प्रोसेसरला स्वतःचे काही मिलिसेकंद लागतात आणि ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे. त्यामुळे सब जवळ असूनही आवाज उशिरा येतो, असं पुष्कळदा होतं. मी करतो ते असं. लॅपटॉपवरून ८० हर्ट्झचा सरळ सूर, मुख्य आउटपुटमध्ये आणि सबच्या सेंडमध्येही सारखाच. हॉलच्या दोन-तृतीयांश खोलीवर, वाट सोडून चार-पाच खुर्च्या आत मोबाइलवरचं मीटर ठेवायचं, ते ए मापावर नको (त्यात खालचे सूर कमी दिसतात), सी किंवा झेड मापावर. त्या बाजूचा टॉप एकटा वाजवून आकडा बघा, मग सब एकटे वाजवून तोच आकडा आणा. आता सबची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करा (म्हणजे ढकलायच्या वेळी तो ओढेल), दोन्ही चालू ठेवा आणि डिले हळूहळू वाढवत जा. एका ठिकाणी सूर जवळजवळ नाहीसा होतो. तिथे थांबा, पोलॅरिटी सरळ करा. आकडा एकट्यापेक्षा ६ डेसिबलने वर गेला की जमलं. जास्तीत जास्त बेरीज शोधण्यापेक्षा पूर्ण शांतता शोधणं कानाला सोपं जातं, म्हणून ही उलटी वाट.

इथे एक फसगत आहे. ८० हर्ट्झचं एक आवर्तन १२.५ मिलिसेकंदांत पुरं होतं, त्यामुळे दर १२.५ ला अशी एक खोटी जागा पुन्हा सापडते. मोजपट्टीच्या हिशेबाला (१ मीटरला २.९ मिलिसेकंद) सगळ्यात जवळची घ्या. डिले कुणाला द्यायचा? जो आधी पोचतो त्याला. सबचा डिले शून्यावर असतानाच तो उशिरा येत असेल तर टॉपना द्या. मिक्सर साधा ॲनालॉग असेल आणि डिलेच नसेल तर पोलॅरिटीचं बटण दोन्हीकडे करून बघा, जास्त जोर येईल ते ठेवा, आणि टॉपचे स्टँड ३५–३५ सेंटिमीटरने मागेपुढे करा. ३५ सेंटिमीटर म्हणजे १ मिलिसेकंद.

भाड्याचा माल घेताना दुकानातच दोन गोष्टी बघा. एक, दोन्ही सब एकाच मॉडेलचे हवेत. ‘हा त्याच्यापेक्षा भारी आहे, घेऊन जा’ म्हणाले तरी नको. वेगळ्या मॉडेलची फेज (लाटेची वेळ) वेगळी, मग चिकटवूनही बेरीज होत नाही. दोन, दोघांना शेजारी ठेवून ५० हर्ट्झचा सूर द्या. आधी एक, मग दुसराही चालू करा. आवाज ठळक वाढायला हवा. कमी झाला तर एकाची पोलॅरिटी उलटी आहे: एकतर पाठीमागचं बटण, नाहीतर दुरुस्तीत कुणीतरी स्पीकरच्या तारा उलट जोडल्यात. मला असा सब दोनदा मिळालाय. दुसऱ्यांदा तर तो मीच आधी परत केलेला सब निघाला.

विजेबद्दल एवढंच सांगतो की सब आणि दिव्यांचे डिमर एका बोर्डावर नकोत, आणि घरघर येते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कुणी काढू देऊ नका. पावसाळ्यात भिजलेल्या फरशीवर ती पिनच माणसाला वाचवते. घरघर घालवायला आवाजाच्या तारेत लावायची आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची छोटी डबी मिळते, ती भाड्यात मागून घ्या.

कार्डिऑइड करावं का, हेही तुम्ही विचारलंय. एक सब उलट तोंडाने, पोलॅरिटी उलटी आणि डिले देऊन, म्हणजे मागे रंगमंचावर बेस कमी. उघड्या मैदानावर, तीन-चार सब असताना, झकास. तुमच्या हॉलात दोनच सब, त्यातला एक मागचं खोडण्यात खर्च करायचा, आणि मागच्या भिंतीवरून परत आलेला बेस ती सगळी मेहनत पुसणार. नको.

सब बसले की ३० ते १०० हर्ट्झपर्यंत सूर सावकाश फिरवा आणि हॉलभर चाला. काय काय थडथडतं ते बघून थक्क व्हाल: ट्यूबलाइटची पट्टी, सरकत्या खिडक्यांच्या काचा, पंख्याचा कप, देणगीदारांच्या नावांचा पत्र्याचा बोर्ड. वर्तमानपत्राच्या घड्या आणि चिकटपट्टी घेऊन तासभर काढा. छत पत्र्याचं असेल तर सगळं जाणार नाही, पण कुठल्या सुराला पत्रा बोंबलतो ते कळलं की सुरुंगाच्या फाइलमधला तेवढा पट्टा कापता येतो.

मग बाहेर जा. तेच वादळ आत वाजत असताना शेजारच्या घरापर्यंत चालून या. चिऱ्याची भिंत बेस बऱ्यापैकी अडवते, पण छप्पर आणि उघड्या खिडक्या अडवत नाहीत, आणि एप्रिलमध्ये खिडक्या लावा म्हणणाऱ्याला लोक हॉलाबाहेर काढतील. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना बंदी आहे आणि बंदिस्त सभागृहाला सूट आहे. पण खिडक्या उघड्या टाकून बंदिस्तपणाचा दावा किती टिकेल ते तुम्हीच बघा. शिवाय नियमातलं मोजमाप ए-वेटेड, आणि त्या मापात ५० हर्ट्झचा सूर ३० डेसिबल कमी दिसतो. मीटर म्हणेल सगळं ठीक आहे, शेजारच्या आजीच्या कपाटातल्या बश्या वेगळं सांगतील. आजीला पहिल्या रांगेत खुर्ची द्या.

तालमीत ऐकलेल्या आणि प्रयोगात ऐकू येणाऱ्या आवाजात फरक पडतो. माणसं भरली की वरचा चकचकीतपणा शोषला जातो, बेस मात्र जवळजवळ तसाच राहतो. बेस शोषायला खरे प्रेक्षक आणि पणजीत कला अकादमीच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक सारखेच. म्हणून भरलेल्या हॉलात सब आपोआप जड वाटतात. नांदी संपेपर्यंत सबचा सेंड २ डेसिबल खाली ठेवून ऐका. मिक्सर मागच्या भिंतीला टेकून असेल तर तिथे बेस साचतो, तुम्हाला पुरेसा वाटतो आणि मधल्या रांगांना उणा पडतो. निदान दोन मीटर पुढे या. जागा देत नसतील तर पहिल्या अंकात कुणालातरी सहाव्या रांगेत बसवा आणि खूण ठरवून घ्या.

किती मोठा ठेवायचा? भाड्याने देणारा मुलगा डीजेच्या सवयीने सब टॉपपेक्षा १२ डेसिबल वर लावून जाईल. नाटकाला ५–६ पुष्कळ. गडगडाटाचा कडाका टॉपमधून येतो, सबमध्ये फक्त त्याची मागची लोळण. सुरुंग वाजायच्या आधी तीन-चार सेकंद इफेक्टची सगळी पार्श्वभूमी बंद करा, पंख्यांचा आवाज ऐकू यायला हवा. त्यानंतर आलेला मध्यम दणकासुद्धा खुर्ची हलवतो आणि ॲम्प्लिफायरचा लाल दिवा लागत नाही. लागला तर सेंड कमी करा. तो दिवा लावून ठेवून वाजवलेल्या सबच्या कॉइलचा वास मला माहीत आहे, आणि अनामत रक्कम परत मिळत नाही तेही.

हे सगळं करायला तीन तास लागतात. सब प्रयोगाच्या दिवशी दुपारी येणार असतील तर आदल्या संध्याकाळी आणा. अर्ध्या दिवसाचं जास्तीचं भाडं तिसऱ्या सबपेक्षा कमीच पडेल.